पटावरचा डाव आणि कागदावरची नोंद : ला बुर्दोनेची कथा

खर्डा हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात मोडते. परंतु भूम-परांड्याकडील माणसाला ते आपल्याच पंचक्रोशीतले वाटते. ११ मार्च १७९५ रोजी तेथे मराठे आणि निजाम यांच्यात झालेली लढाई धाराशिव जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या लढाईचा एक विशेष असा, की दोन्ही पक्षांच्या कवायती पलटणी फ्रेंच सरदारांच्या हुकमतीखाली होत्या. निजामाकडे रेमाँ होता, शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ होता आणि होळकरांकडे द्युद्रनेक होता. दख्खनच्या पटावर त्या दिवशी दोन्ही रंगांची मोहरी फ्रेंचांच्या हातून हलत होती, असे म्हटले तरी चालेल.

त्याच १७९५ सालाला बुद्धिबळाच्या इतिहासातही एक वेगळे स्थान आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू, फ्रेंच संगीतकार फिलिदोर, लंडनमध्ये मायदेशाला पारखा होऊन मरण पावला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला होता आणि त्याला परतीची वाट उरली नव्हती. त्याची गादी पुढे ज्याने चालविली, त्या लुई शार्ल माहे द ला बुर्दोने याचा जन्म त्याच वर्षाचा मानला जातो. जन्मस्थान म्हणून हिंदी महासागरातील बूरबाँ, म्हणजे आजचे रेयुनियाँ, हे बेट सांगितले जाते. प्रस्तुत लेखात याच ला बुर्दोनेच्या जीवनाचा परामर्श घ्यावयाचा आहे. त्याचे कर्तृत्व थोर आहेच. परंतु ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, हा प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

ला बुर्दोने हे आडनाव हिंदुस्थानच्या इतिहासाला अपरिचित नाही. १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा फ्रेंच आरमारी सेनानी तो हाच. लुई शार्लचा तो आजोबा, असे चरित्रकार सांगतात. मॉरिशस आणि बूरबाँ या बेटांचा तो गव्हर्नर होता. १७२५ मध्ये मलबार किनाऱ्यावरील माहे हस्तगत करण्याच्या मोहिमेतही त्याचा भाग होता. मद्रास जिंकल्यावर पाँडिचेरीच्या द्यूप्लेशी त्याचे वितुष्ट आले. विजयी सेनानी मायदेशी परतला तो बास्तीयच्या तुरुंगात जाण्यासाठीच. १७५१ मध्ये तो निर्दोष सुटला; पण प्रकृती ढासळलेली होती आणि दोन वर्षांतच त्याचा अंत झाला. ज्या मद्रासेसाठी एवढे घडले, ती तहान्वये आधीच इंग्रजांना परत गेली होती. पटावर जिंकावे आणि पटाबाहेर हरावे, हे प्राक्तन आजोबाकडून नातवाकडे वारशानेच आले असावे, असे त्याचे चरित्र वाचताना वाटत राहते.

नातवाने बुद्धिबळ हाती घेतले ते तरुणपणी, १८१४ च्या सुमारास. आणि १८१८ पासून तो या खेळाचा पुरता होऊन गेला. त्या काळी पॅरिसमधील काफे द ला रेजांस ही बुद्धिबळाची पंढरीच होती. फिलिदोर तेथे खेळला होता. दिदरो, रूसो यांच्यासारखे विचारवंत तेथे डाव पाहत बसत. लष्करातून आलेला आणि युद्धात उजवा हात गमावलेला देशापेल हा त्या काळी तेथील अनभिषिक्त राजा होता. त्याने ला बुर्दोनेला शिष्य केले. १८२१ साली पॅरिसजवळील साँ-क्लू येथे देशापेल, ला बुर्दोने आणि जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश तरुण यांच्यात सामने झाले. शिष्य त्यात दोघांनाही भारी पडला. देशापेल हळूहळू पत्त्यांच्या खेळाकडे वळला आणि युरोपातील अग्रस्थान ला बुर्दोनेकडे आले. कॉक्रनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची गाठ कलकत्त्यात पडणार आहे.

यश आले, पण स्वास्थ्य आले नाही. जमिनींच्या सट्ट्यात ला बुर्दोने बुडाला आणि उपजीविकेसाठी त्याला बुद्धिबळाचाच आधार उरला. आज एखादा खेळाडू खेळावर जगतो, यात आपल्याला नवल वाटत नाही. त्या काळी मात्र खानदानी घरातील माणसाने काफेत बसून, पैज लावून, येईल त्याच्याशी खेळून पोट भरावे, ही नामुष्कीची गोष्ट होती. ला बुर्दोनेने ती हसतमुखाने पत्करली. १८३३ मध्ये त्याने खेळाचे शास्त्र सांगणारा एक ग्रंथ फ्रेंचमध्ये सिद्ध केला आणि पुढच्या वर्षी तो लंडनला गेला.

१८३४ च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लंडनच्या वेस्टमिन्स्टर चेस क्लबात जे घडले, त्याला बुद्धिबळाच्या इतिहासात तोड नाही. प्रतिस्पर्धी होता अलेक्झांडर मॅकडॉनेल. हा मूळचा बेलफास्टचा. इंग्लंडातील नामांकित खेळाडू विल्यम लुईस याचा शिष्य. आणि व्यवसायाने वेस्ट इंडीजमधील मळेवाल्या व्यापाऱ्यांच्या समितीचा चिटणीस. त्याची सुस्थिती गुलामांच्या श्रमांवर पिकणाऱ्या उसातून आलेली होती आणि त्या मळेवाल्यांची बाजू मांडणारी लेखणीही त्याने चालविली होती. हे सामने चालू असतानाच, १ ऑगस्ट १८३४ रोजी, ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. चौसष्ट घरांच्या भोवती केवढे जग उलथत होते, याची यावरून कल्पना यावी.

दोघे एकमेकांच्या अगदी उलट होते. मॅकडॉनेल अबोल, सावकाश, एकेका चालीवर दीर्घकाळ विचार करणारा. घड्याळ लावून खेळण्याची प्रथा तेव्हा नव्हती, त्यामुळे त्याला घाई करणारे कोणी नव्हते. ला बुर्दोने झटपट खेळे. जिंकत असला की हसे, विनोद करी, आणि हरू लागला की खुशाल शिव्या हासडी. दोघांना जोडणारी समान भाषा नव्हती. 'शह' या अर्थाच्या एका शब्दापलीकडे त्यांच्यात बोलणे होत नसे, अशी आख्यायिका आहे. डाव संपला की मॅकडॉनेल थकून घरी जाई. ला बुर्दोने मात्र चिरूट पेटवून, मद्याचा पेला जवळ घेऊन, मध्यरात्र उलटेपर्यंत येईल त्याच्याशी पैजेचे डाव मांडून बसे. रात्रीच्या त्या डावांवर त्याचा चरितार्थ होता.

एकंदर सहा सामने झाले. पहिल्यात २५ डाव होऊन ला बुर्दोने १६ विरुद्ध ५ असा जिंकला आणि ४ डाव बरोबरीत सुटले. दुसरा सामना मॅकडॉनेलने ५ विरुद्ध ४ असा जिंकला. तिसरा, चौथा आणि पाचवा हे तिन्ही ला बुर्दोनेने घेतले. सहाव्यात मॅकडॉनेल ५ विरुद्ध ४ असा पुढे असताना खेळ थांबला. पॅरिसच्या सावकारांचा तगादा लागल्यामुळे ला बुर्दोनेला परतावे लागले, असे सांगतात. सारे मिळून ८५ डाव. त्यांपैकी ४५ ला बुर्दोनेचे, २७ मॅकडॉनेलचे आणि १३ बरोबरीचे.

या डावांपैकी दोन डाव अजूनही जगभर अभ्यासले जातात. पन्नासाव्या डावात मॅकडॉनेलने दोन हलक्या मोहऱ्यांच्या बदल्यात आपला वजीर देऊन टाकला आणि उरलेल्या फौजेच्या एकजुटीवर तो डाव जिंकला. बासष्टाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या ला बुर्दोनेने आपली प्यादी अशी काही पुढे रेटली, की अखेरच्या चालीला त्याची तीन प्यादी शेजारीशेजारी, वजीर होण्याला एकेक घर उरलेले असताना, उभी ठाकली. समोर मॅकडॉनेलचा वजीर आणि हत्ती शाबूत होते. परंतु तीन प्याद्यांच्या त्या रांगेपुढे त्यांचा काही इलाज चालेना. प्याद्यांच्या रचनेला खेळाच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या फिलिदोरला याहून उचित श्रद्धांजली कोणती असू शकेल? प्याद्याने मात करण्याची थोरवी गाणाऱ्या आपल्या मराठी मनालाही हा डाव भावण्यासारखाच आहे.

आता या कथेतील तिसऱ्या माणसाकडे वळू. विल्यम ग्रीनवुड वॉकर हे त्याचे नाव. तो वेस्टमिन्स्टर चेस क्लबाचा चिटणीस होता; खेळाडू म्हणून त्याचे नाव कोठे गाजले नाही. मॅकडॉनेलवर त्याची भक्ती होती. त्या भक्तीपोटी तो पटाशेजारी बसे आणि एकेक चाल कागदावर टिपून घेई. खेळणाऱ्यांना स्वतःचे डाव लिहून ठेवण्याची सवय नव्हती. तसा नियमही नव्हता. वॉकर तेथे नसता, तर त्या उन्हाळ्याची स्मृती म्हणून काही आकडे आणि ला बुर्दोनेच्या शिव्यांच्या गोष्टी एवढेच मागे राहिले असते. मॅकडॉनेल १८३५ च्या सप्टेंबरमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. वॉकरने १८३६ मध्ये त्याच्या डावांचा संग्रह छापला. १८४४ मध्ये जॉर्ज वॉकर या दुसऱ्याच एका लेखकाने सुमारे हजार डावांचा मोठा ग्रंथ काढला. त्यातही या सामन्यांना स्थान मिळाले. पुढे अमेरिकेचा अलौकिक खेळाडू पॉल मॉर्फी याने न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात याच डावांवर टिपणे लिहिली. खेळावयास बसणारे दोघे आणि लिहिणारा एक, अशा तिघांच्या श्रमांतून युरोपीय बुद्धिबळाची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली.

ला बुर्दोनेलाही या गोष्टीचे मर्म उमगले असावे. १८३६ मध्ये त्याने जोझेफ मेरी या साहित्यिकाच्या साहाय्याने पॅरिसमध्ये 'ल पालामेद' हे नियतकालिक सुरू केले. ट्रॉयच्या वेढ्यात हा खेळ शोधून काढला असे ज्याच्याविषयी सांगत, त्या ग्रीक वीर पालामेदचे नाव त्याने घेतले होते. केवळ बुद्धिबळाला वाहिलेले जगातील हे पहिले नियतकालिक. ते १८३९ पर्यंत कसेबसे चालले आणि बंद पडले. पुढे सँतामाँ या खेळाडूने त्याचे पुनरुज्जीवन केले. लहान वाचकवर्गासाठी नियतकालिक चालविणे म्हणजे काय असते, हे आपल्या त्रैमासिकांच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

याच सुमारास पटाकडे न पाहता, एकाच वेळी दोन डाव मनातल्या मनात खेळून दाखविण्याचे प्रयोग त्याने केले. त्या ताणाने प्रकृतीला धक्का बसला. पुढे पक्षाघात आणि जलोदर यांनी त्याला गाठले. घरातील चीजवस्तू विकली गेली. १८४० च्या अखेरीस, लंडनमधील एका बुद्धिबळगृहात काही मिळकत होईल या आशेने, तो पत्नीसह पुन्हा इंग्लंडला आला. जॉर्ज वॉकर आणि इतर काही मंडळींनी वर्गणी काढून त्याच्या औषधपाण्याची सोय केली. १३ डिसेंबर १८४० रोजी त्याचा मृत्यू झाला. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत, जेथे मॅकडॉनेल पाच वर्षांपूर्वी विसावला होता, तेथेच त्यालाही मूठमाती मिळाली. ज्यांना एकमेकांशी चार शब्द बोलता आले नाहीत, ते दोघे आता एकाच मातीत शेजारी झाले.

कथा येथेच संपत नाही. ती हिंदुस्थानात येते. साँ-क्लू येथे ला बुर्दोनेशी खेळलेला जॉन कॉक्रन पुढे वकिलीच्या निमित्ताने कलकत्त्याला आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य तेथेच गेले. बंगालच्या खेड्यातून आलेला महेशचंद्र बॅनर्जी हा खेळाडू तेथे त्याला भेटला. महेशचंद्र देशी पद्धतीत मुरलेला होता. प्याद्याने सुरुवातीला दोन घरे जाण्याची मुभा त्या पद्धतीत नसे. त्यामुळे प्यादी एकेक घर पुढे सरकवून, उंट बाजूच्या घरात दडवून, दुरून पटाचा मध्य ताब्यात ठेवण्याची त्याची धाटणी होती. कॉक्रन त्याच्याशी शेकडो डाव खेळला. त्याने ते लिहून ठेवले आणि लंडनच्या नियतकालिकांकडे पाठविले. 'इंडियन डिफेन्स' म्हणून आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या बचावपद्धतींचे आरंभीचे नमुने याच डावांत सापडतात. महेशचंद्र आज आपणास ज्ञात आहे, तो कॉक्रनच्या लेखणीमुळे. ला बुर्दोनेला जसा वॉकर भेटला, तसा त्याला कॉक्रन भेटला.

येथे आपल्या मराठी मुलखाकडे वळणे भाग आहे. बुद्धिबळाची आपली परंपरा पॅरिसहून जुनी आहे. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या बसवकल्याण येथे चालुक्यांची राजधानी होती, आणि धाराशिवचा हा सारा परिसर त्यांच्या अमलाखाली होता. त्याच घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या मनोविनोदांत या खेळाचेही वर्णन आले आहे. मूळच्या पैठणच्या आणि काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात आपल्या 'नीतिमयूख' या ग्रंथात बुद्धिबळाचे नियम सांगितले. पुढे १८१४ साली, म्हणजे ला बुर्दोने हा खेळ शिकत होता त्याच सुमारास, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील एक पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृतातून घेतलेले आणि युरोपीय पद्धतीला जुळवून दिलेले, असे त्याच्या नावातच म्हटले आहे.

हे पुस्तक आपल्या परंपरेचे बळ दाखविते आणि तिची एक उणीवही दाखविते. त्यात आहेत ते मुख्यतः डावाच्या अखेरीचे पेच : अमुक मोहरी अमुक घरात आहेत, इतक्या चालींत मात करावी. बुद्धीला धार लावणारे असे हे पेच आहेत; परंतु त्यांत माणसे नाहीत. कोण कोणाशी खेळला, कोठे चुकला, कोठे सावरला, हरताना कोणती चाल त्याला सुचली नाही, हे त्यांतून कळत नाही. आपल्याकडे विद्या जपली गेली ती सूत्ररूपाने. गुरूने सांगावी आणि शिष्याने पाठ करावी, अशी. सूत्र टिकते, पण ते ज्यांच्या अनुभवातून निघाले, ती माणसे मागे विरून जातात. युरोपने प्रत्यक्ष खेळलेला डाव चुकांसह लिहून ठेवला, आणि पुढच्या पिढीला त्या चुकांपासून शिकता आले.

मोहऱ्यांच्या नावांकडे पाहिले तरी हा खेळ किती मुलखांतून फिरला ते ध्यानी येते. आपण ज्याला उंट म्हणतो, त्याला इंग्रजीत बिशप म्हणतात आणि फ्रेंचमध्ये 'फू', म्हणजे विदूषक. संस्कृतातील गज अरबीत 'अल-फील' झाला आणि त्या फीलचा फ्रेंचांनी ध्वनिसाम्याने 'फू' केला, अशी त्याची उपपत्ती सांगतात. म्हणजे ला बुर्दोने ज्या मोहऱ्याला विदूषक समजून चालवीत होता, तो मुळात आपल्याकडून गेलेला हत्ती होता! नावे बदलली, रूपे बदलली. वाटेतले प्रवासी मात्र अज्ञातच राहिले. याच खेळावर १५६१ मध्ये ग्रंथ लिहिणारा रुय लोपेझ हा स्पॅनिश धर्मगुरू आज सर्वांना ठाऊक आहे. कारण त्याने लिहिले.

विसाव्या शतकात महाराष्ट्राने ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला. १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकर यांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली आणि स्पर्धांची एक अखंड परंपरा घालून दिली. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे हे व्यंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. या सर्वांचे डाव लिहिले गेले आहेत, छापले गेले आहेत आणि कोणाही मुलाला ते आज पटावर मांडून पाहता येतात.

तरीही तालुक्याच्या गावी, देवळाच्या ओवरीत, चर्चच्या आवारात, पिंपळाच्या पारावर वर्षानुवर्षे खेळलेले डाव कोण लिहितो? प्रश्न बुद्धिबळापुरता नाही. गावातील उत्तम पखवाजिया, दगडाला देवपण देणारा पाथरवट, तीन पिढ्यांना अक्षरओळख करून देणारे गुरुजी, सुईण म्हणून शेकडो बाळे सुखरूप हाती घेतलेली आजी, हे सारे आपापल्या पटावरचे ला बुर्दोनेच असतात. त्यांच्याजवळ वॉकर बसलेला नसतो, एवढेच. आपण सारेच काही मोठे खेळाडू होऊ शकत नाही. परंतु शेजारी बसून निष्ठेने टिपून घेणे हे कोणाही साक्षर माणसाला साधण्यासारखे आहे. वॉकरला मॅकडॉनेलची चाल कधी सुचली नसती. ला बुर्दोनेची तर नाहीच. त्याच्यापाशी एक लेखणी होती, कागद होता, आणि दुसऱ्याच्या कर्तृत्वाकडे पाच महिने टक लावून पाहण्याचा विनय होता. त्यामुळेच १८३४ च्या उन्हाळ्यातील ते ८५ डाव धाराशिवच्या एखाद्या मुलाला आज संध्याकाळीही पटावर मांडता येतील, आणि काळ्या प्याद्यांची ती त्रयी अंतिम घराशी येऊन थांबलेली पाहून त्याचाही श्वास क्षणभर अडखळेल.